एच-इंडेक्स २४ म्हणजे नेमकं काय? प्रोटिऑमिक्स आणि पशुआरोग्यातल्या शास्त्रज्ञाचं काम कसं तपासावं

"मॅडम, सरांचा एच-इंडेक्स २४ आहे. त्यांच्याकडे पीएचडी करू ना?"

एम.व्ही.एस्सी.चे, म्हणजे पशुवैद्यकातल्या पदव्युत्तर परीक्षेचे, निकाल लागले की असे फोन यायला लागतात. विचारणारी मुलं साडेपाच वर्षं बी.व्ही.एस्सी. आणि वर दोन वर्षं एम.व्ही.एस्सी. करून आलेली असतात. पुढची चार-पाच वर्षं कुणाच्या प्रयोगशाळेत घालवायची हे ठरवताना त्यांच्या हातात बहुधा एवढा एकच आकडा असतो, पेपर किती आणि त्यांना सायटेशन्स, म्हणजे इतरांच्या लेखांतले उल्लेख, किती मिळाली यांवरून काढलेला. मी उलट विचारते, हा २४ सायटेशन्स मोजणाऱ्या कुठल्या साठ्यावर पाहिलास? गूगल स्कॉलरवर की स्कोपसवर? त्यातले किती पेपर सरांच्या स्वतःच्या प्रयोगशाळेतले? त्यांचा सगळ्यात जास्त सायटेशनचा पेपर उघडून वाचलास का? इथे बहुतेक वेळा फोनवर शांतता पसरते.

तेच प्रश्न इथे क्रमाने मांडते आहे. गाईड निवडायचा असो, निवड समितीसाठी कुणाची फाईल पाहायची असो की वर्तमानपत्रात एखाद्या संशोधकावर लिहायचं असो, रीत हीच. उदाहरणं माझ्या क्षेत्रातली, प्रोटिऑमिक्सची, म्हणजे नमुन्यातली सगळी प्रथिनं एकत्र तपासण्याच्या शास्त्रातली. एक पूर्ण दुपार, वही-पेन आणि इंटरनेट एवढं पुरतं.

आधी माणूस नक्की करा

ही पायरी सगळे गाळतात आणि आपल्याकडे घोळ नेमका इथेच होतो. नाव, वडिलांचं नाव, आडनाव ही आपली पद्धत परदेशी नियतकालिकांच्या साच्यात नीट बसत नाही. एकच व्यक्ती एका पेपरवर 'एस. बी. पाटील', दुसऱ्यावर 'पाटील सुनीता' आणि तिसऱ्यावर लग्नाआधीच्या आडनावाने असते. उलट 'एस. पाटील' या नावाखाली महाराष्ट्रातले शेकडो संशोधक एका ओळीत उभे असतात. पाटील, जाधव, शिंदे, कुलकर्णी, देशमुख यांतलं कुठलंही आडनाव घ्या, हीच गत.

माझ्या स्वतःच्या स्कॉलर प्रोफाइलमध्ये काँक्रीटच्या ताकदीवरचे दोन पेपर दीड वर्ष पडून होते. नवे पेपर आपोआप जोडण्याची सोय मी चालू ठेवली होती आणि नामसाधर्म्यामुळे ते येऊन बसले. पदोन्नतीचा अर्ज भरताना लक्षात आलं तेव्हा घाम फुटला, कारण तोवर चुकीचा आकडा मी दोन ठिकाणी लिहून दिला होता. पत्र लिहून तो दुरुस्त करून घ्यावा लागला.

म्हणून सुरुवात ऑर्किड क्रमांकापासून करा. ही सोय २०१२ साली सुरू झाली. प्रत्येक संशोधकाला १६ अंकांचा क्रमांक मिळतो. शेवटच्या अंकाच्या जागी कधी कधी 'एक्स' हे अक्षर दिसतं, ती चूक नसते, क्रमांक पडताळण्यासाठीची ती खूण असते. नाव बदललं, संस्था बदलली, तरी क्रमांक तोच राहतो. ऑर्किडवर पेपरची यादी असेल तर ती उतरवून घ्या. नसेल तर संस्थेचं पान, स्कोपसचं लेखक-पान आणि स्कॉलर प्रोफाइल शेजारी शेजारी उघडा आणि संस्था, सहलेखक, विषय जुळतात का ते पाहा. म्हशीच्या दुधातल्या प्रथिनांवर काम करणाऱ्या माणसाच्या यादीत मध्येच सौरघटांवरचा पेपर आला तर थांबा.

स्कॉलरवर आणखी एक बारीक खूण असते. सायटेशनच्या आकड्याला फुली जोडलेली दिसली तर एकाहून जास्त नोंदी तिथे एकत्र केल्या आहेत आणि त्या मोजणीत दुसऱ्याच लेखाची सायटेशन्सही आलेली असू शकतात.

आकडे तीन ठिकाणांहून घ्या आणि तारीख लिहा

एकाच माणसाचा एच-इंडेक्स स्कॉलरवर २४, स्कोपसवर १८ आणि वेब ऑफ सायन्सवर १६ असू शकतो. यात लबाडी काही नाही. स्कॉलर प्रबंध, परिषदांची टिपणं, प्रकाशनपूर्व मसुदे, पुस्तकांतली प्रकरणं असं इंटरनेटवर जे विद्वत्तेचं वाटेल ते मोजतं. स्कोपस आणि वेब ऑफ सायन्स ठरावीक, निवडलेली नियतकालिकं मोजतात. त्यामुळे वहीत तीन रकाने करा आणि प्रत्येक आकड्यासमोर स्रोत आणि दिनांक लिहा. दोन उमेदवारांची तुलना करताना एकाचा स्कॉलर आणि दुसऱ्याचा स्कोपस धरला तर तो अन्याय आहे. निवड समित्यांच्या कागदांत मी तो पाहिला आहे.

पैसे न भरता काम भागवायचं असेल तर ओपनॲलेक्स वापरा. हा साठा २०२२ पासून सगळ्यांना मोफत खुला आहे. पबमेड या वैद्यकीय लेखांच्या सूचीतल्या पेपरांसाठी अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेचं आयसाईट हे साधनही मोफत आहे.

एच-इंडेक्स एकदा हाताने काढा

हा निर्देशांक कॅलिफोर्निया विद्यापीठातले भौतिकशास्त्रज्ञ जॉर्ज हिर्श यांनी २००५ साली मांडला. पेपर सायटेशनच्या उतरत्या क्रमाने लावायचे आणि वरून मोजत जायचं. ज्या क्रमांकापर्यंत सायटेशन्स क्रमांकाएवढी किंवा जास्त आहेत, तो एच-इंडेक्स.

समजा एका तरुण शास्त्रज्ञाच्या दहा पेपरांची सायटेशन्स अशी आहेत: ४१, २२, १७, ९, ८, ६, ५, ५, २, ०. सहाव्या पेपरला ६ आहेत, इथपर्यंत जमतं. सातव्याला ५ आहेत, तिथे तुटतं. म्हणजे एच-इंडेक्स ६. दहा किंवा जास्त सायटेशन्सचे पेपर तीन, म्हणून स्कॉलरचा आय-१० निर्देशांक ३. एकूण सायटेशन्स ११५.

आता पहिल्या पेपरची सायटेशन्स ४१ वरून ४,१०० करा. एच-इंडेक्स ६ च राहतो. म्हणजे एखाद्याने आयुष्यात एकच काम केलं आणि त्याने अख्खी शाखा बदलली, तर एच-इंडेक्सला त्याचा पत्ताही लागत नाही. दुसरीकडे हा आकडा कधीच कमी होत नाही. माणूस निवृत्त झाला, प्रयोगशाळेला कुलूप लागलं, तरी तो वाढत राहतो. म्हणून एच-इंडेक्सशेजारी पहिल्या पेपरचं वर्ष नेहमी लिहा. आठ वर्षांत १२ आणि तीस वर्षांत २४ यांतलं जड काय, हे त्याशिवाय कळत नाही.

इम्पॅक्ट फॅक्टर हा नियतकालिकाचा आकडा आहे, माणसाचा नाही. आधीच्या दोन वर्षांत छापलेल्या लेखांना या वर्षी सरासरी किती सायटेशन्स मिळाली, एवढंच तो सांगतो. कृषी आणि पशुवैद्यक क्षेत्रात आपल्याकडे राष्ट्रीय कृषी विज्ञान अकादमीचं, म्हणजे 'नास'चं, रेटिंग चालतं आणि भरतीच्या गुणांसाठी ते लागतंच. पण तेही नियतकालिकाचंच मोजमाप आहे. २०१२ साली सॅन फ्रान्सिस्कोत तयार झालेल्या 'डोरा' या जाहीरनाम्याची मुख्य मागणी हीच आहे, की नियतकालिकाच्या आकड्यावरून व्यक्तीचं काम तोलू नका.

सायटेशन्स कशासाठी मिळाली ते पाहा

प्रोटिऑमिक्समध्ये ही पायरी फार मोलाची आहे. 'नेचर'ने २०१४ साली आजवर सर्वाधिक सायटेशन्स मिळालेल्या १०० पेपरांची यादी छापली होती. तिच्यातले पहिले तिन्ही पेपर प्रथिनांशी संबंधित आहेत. पहिला १९५१ चा लौरी यांचा, प्रथिनं किती आहेत हे रंगावरून मोजण्याचा, त्याला तेव्हाच तीन लाखांहून जास्त सायटेशन्स होती. दुसरा १९७० चा लेमली यांचा आणि तिसरा १९७६ चा ब्रॅडफर्ड यांचा. लेमली यांचा पेपर मुळात जिवाणूंवर वाढणाऱ्या एका विषाणूचं डोकं कसं जुळतं याबद्दल आहे. जेलवर प्रथिनं वेगळी करण्याची जी रीत जगभर रोज वापरली जाते, तिचा शीर्षकात उल्लेखही नाही. प्रयोगशाळेत जेल चालवणारा प्रत्येक जण तो पेपर उद्धृत करतो, विषाणूचं डोकं मात्र फारच थोड्यांनी वाचलं असेल.

तेव्हा शास्त्रज्ञाचे वरचे दहा पेपर घ्या आणि प्रत्येकासमोर एक शब्द लिहा: पद्धत, आढावा, महाप्रकल्प, मूळ शोध.

पद्धतीच्या पेपरला आणि संगणकीय साधनांच्या पेपरला सायटेशन्स पावसासारखी पडतात. मॅक्सक्वांट या आज्ञावलीवरचा २००८ चा पेपर आमच्या क्षेत्रात जवळजवळ प्रत्येक जण उद्धृत करतो, आणि ते योग्यच आहे, कारण ते साधन खरंच सगळ्यांच्या उपयोगाचं आहे. आढावा लेखाला सायटेशन्स मिळतात कारण प्रस्तावनेत एक वाक्य लिहायला तो सोयीचा पडतो. महाप्रकल्पाचा नमुना म्हणजे गाईच्या जनुकसंचाचा २००९ चा पेपर. २५ देशांतले ३०० हून अधिक शास्त्रज्ञ त्यात होते. त्या यादीत नाव असणं मानाचंच आहे, पण त्याची सायटेशन्स एका माणसाच्या खात्यावर पूर्ण धरू नका.

मास स्पेक्ट्रोमीटर, म्हणजे रेणूंचं वजन मोजणारं यंत्र, चालवणाऱ्या माणसाचा विचार इथे वेगळा करायला हवा. संस्थेत एकच यंत्र असतं आणि ते सांभाळणारा एक जण दहा गटांना नमुने करून देतो. त्याचं नाव दहा गटांच्या पेपरांवर मधल्या जागी येतं. त्याचा एच-इंडेक्स भराभर वाढतो, पण प्रश्न त्याचे नसतात. उलटही घडतं. ज्याच्या हातामुळे विदा (डेटा) विश्वासार्ह झाली, त्याचं नाव सहाव्या जागी असतं म्हणून त्याला काहीच श्रेय मिळत नाही. हल्ली बऱ्याच नियतकालिकांत लेखाच्या शेवटी कोणी काय केलं ते १४ ठरावीक भूमिकांत लिहिलेलं असतं. तो परिच्छेद वाचाच. पहिला लेखक, शेवटचा लेखक आणि पत्रव्यवहाराचा लेखक कोण, याचीही नोंद करा.

एक खरं उदाहरण: ग्लासगो

कोरड्या रीतीपेक्षा एक माग काढून दाखवते. ग्लासगो विद्यापीठातले डेव्हिड एकरसॉल यांचं नाव पशुवैद्यकातल्या 'अक्यूट फेज' प्रथिनांशी जोडलेलं आहे. शरीराला संसर्ग झाला, दाह झाला की ही प्रथिनं रक्तात वाढतात. गाईत त्यांतलं मुख्य प्रथिन हॅप्टोग्लोबिन. निरोगी गाईच्या रक्तात ते नगण्य असतं आणि दाह होताच शंभरपटींहून जास्त वाढतं.

त्यांच्या यादीत २०१० चा एक छोटा आढावा लेख भरपूर उद्धृत झालेला दिसेल. तिथेच थांबलात तर तुम्हाला 'आढावा लिहिणारा माणूस' दिसेल. मागे जा. २००१ साली त्यांच्या गटाने दगडी (कासदाह) झालेल्या गाईंच्या रक्तात आणि दुधात ही प्रथिनं मोजून दाखवली होती. आढाव्याला वजन आलं ते अशा मूळ कामामुळे. आता पुढे या. २०१६ साली 'मास्टायटोमिक्स' नावाची तीन पेपरांची मालिका आली. सहा गाईंच्या कासेत स्ट्रेप्टोकॉकस युबेरिस हा जिवाणू मुद्दाम सोडून, संसर्गाआधी आणि नंतर ३६, ४२, ५७, ८१ आणि ३१२ तासांनी दूध घेतलं होतं. पहिल्या पेपरात मुबलक प्रथिनं आणि अक्यूट फेज प्रथिनं, दुसऱ्यात यंत्रावरची सविस्तर मोजणी, तिसऱ्यात लहान रेणू. दुसऱ्या पेपरात २,५५२ प्रथिनं ओळखली गेली आणि त्यांतली ५७० मोजता आली.

या दोन आकड्यांतला फरक लक्षात ठेवा. ओळखलेलं प्रथिन आणि मोजलेलं प्रथिन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आणि एका प्रयोगातून तीन पेपर निघाले तरी ते शीर्षकातच १, २, ३ असे क्रमांक देऊन उघडपणे जोडलेले आहेत. एकाच नमुन्यांचे तुकडे करून ते वेगवेगळ्या नावांनी छापणं आणि हे, यांत मोठा फरक आहे. पेपरांची संख्या मोजताना तो नोंदवा.

पाच पेपर वाचा

आता पेन खाली ठेवून वाचायला बसा. सर्वाधिक सायटेशन्सचे दोन मूळ शोधाचे पेपर, गेल्या तीन वर्षांतले दोन आणि त्या शास्त्रज्ञाच्या विद्यार्थ्याचा एक. प्रोटिऑमिक्सच्या पेपरात मी पुढच्या गोष्टी शोधते.

जनावरं किती? नमुने किती, हे नाही विचारत. तीस गाईंचं दूध तीन भांड्यांत एकत्र केलं तर यंत्राच्या दृष्टीने ते तीनच नमुने आहेत. एकत्र करण्याला सबळ कारण असू शकतं, पैसा हे एक कारण आहेच. पण निष्कर्षात 'तीस गाई' म्हणून बढाई मारलेली असेल तर मी पेपराच्या कडेला खूण करते. जात, वेत, वेतातला दिवस आणि ऋतू लिहिलाय का तेही पाहते. दुसऱ्या वेताची निरोगी गाय आणि सहाव्या वेताची दगडीची गाय यांची तुलना केली तर फरक रोगाचा की वयाचा, हे देवालाही सांगता येणार नाही.

म्हशीच्या नमुन्यांत आणखी एक प्रश्न. यंत्र पेप्टाइडांचं, म्हणजे प्रथिनांच्या तुकड्यांचं, वजन सांगतं आणि ती कुठल्या प्रथिनाची हे माहितीच्या साठ्याशी जुळवून ठरतं. गाईचा साठा लवकर तयार झाला. म्हशीच्या जनुकसंचाचा उत्तम दर्जाचा आराखडा २०१९ साली आला. त्याआधीचे बरेच पेपर म्हशीचं दूध गाईच्या साठ्याशी जुळवतात. त्यात गैर काही नव्हतं, हाताशी तेच होतं. पण आज पंढरपुरी म्हशीवर काम करणाऱ्याने अजून तसंच केलं असेल तर कारण विचारायला हवं.

मग खोटी ओळख. साधारण रीत अशी की ओळखलेल्या शंभरांत एकाहून जास्त चुकीची ओळख नसावी. 'एफडीआर १ टक्का' असं लिहिलेलं सापडायला हवं, आणि एका प्रथिनासाठी एकाहून जास्त वेगळी पेप्टाइडं असणं बरं. त्याच्याच शेजारी आकडेशास्त्राची एक जागा आहे. हजार प्रथिनं तपासली आणि पी-मूल्य ०.०५ एवढीच चाळणी लावली, तर निव्वळ योगायोगाने पन्नासेक प्रथिनं 'बदललेली' दिसणारच. अनेक चाचण्यांसाठीची दुरुस्ती केली आहे का, हे पद्धतीच्या भागात एका ओळीत असतं. ती ओळ नसेल तर पुढचे रंगीत नकाशे पाहण्यात वेळ घालवू नका.

पुढे, दूध आणि रक्त यांचा स्वभाव ओळखून काम केलंय का. गाईच्या दुधातल्या प्रथिनांत सुमारे ८० टक्के केसीन असतं. ते बाजूला काढलं नाही तर थोडकी प्रथिनं झाकली जातात. दगडीत रक्त आणि दूध यांच्यातली भिंत ढिली पडते आणि रक्तातला अल्ब्युमिन दुधात उतरतो. त्यामुळे 'रोगी दुधात अल्ब्युमिन वाढला' हा नवा शोध नाही, तो रोगाचा परिणाम आहे. अशी नेहमीची पाहुणे-प्रथिनं ओळखून ठेवा. एनोलेज, पेरॉक्सिरेडॉक्सिन, उष्णताघात प्रथिनं ही कुठल्याही रोगाच्या यादीत उगवतात. २००८ साली 'प्रोटिऑमिक्स' या नियतकालिकातच या पुनरावृत्तीवर एक पेपर आला होता.

यंत्राने दाखवलेली गोष्ट दुसऱ्या वाटेने पडताळली का? वेस्टर्न ब्लॉट किंवा एलायझा या प्रतिपिंडांवर आधारलेल्या चाचण्या, किंवा ठरावीक पेप्टाइडांची नेमकी मोजणी. आणि पडताळणी त्याच जनावरांवर केली की नव्या? नव्या कळपावर, नव्या गोठ्यात तोच निकाल आला असेल तर माझ्या लेखी त्या पेपराचं वजन दुप्पट होतं.

शेवटी विदा. पेपरच्या तळाशी 'पीएक्सडी' आणि पुढे आकडे असा क्रमांक शोधा. प्रोटिऑमिक्सची कच्ची विदा प्रोटिओमएक्स्चेंज या जाळ्यातल्या साठ्यांत ठेवतात. त्यांतला सर्वांत मोठा प्राइड, इंग्लंडात केंब्रिजजवळ हिंक्स्टनला. क्रमांक शोधचौकटीत टाका आणि फायली खरंच उघड्या आहेत का बघा. मी एकदा क्रमांक टाकला तर तिथे वेगळ्याच प्राण्याच्या फायली निघाल्या. लेखकांना साधं पत्र लिहिलं, त्यांनी दोन दिवसांत चूक मान्य करून दुरुस्त केली. असा प्रतिसाद देणाऱ्या गटावर माझा विश्वास वाढतो.

तुलना सारख्याशी सारख्याची

कर्करोगाच्या प्रोटिऑमिक्सचा पेपर आणि शेळीच्या जंतांवरचा पेपर एकाच पारड्यात घालू नका. पहिल्या विषयावर जगभर हजारो प्रयोगशाळा आहेत, दुसऱ्यावर मोजक्या. उद्धृत करणारी माणसंच कमी असतील तर सायटेशन्स येणार कुठून? यासाठी क्षेत्र आणि वर्ष लक्षात घेऊन काढलेले आकडे असतात. स्कोपसमधल्या अशा आकड्यात १ म्हणजे जगाची सरासरी, १.५ म्हणजे सरासरीपेक्षा निम्म्याने जास्त. आयसाईटचं सापेक्ष गुणोत्तरही याच जातीचं, पण ते पबमेडपुरतं आहे आणि आपल्याकडची बरीचशी पशुवैद्यकीय नियतकालिकं पबमेडमध्ये नाहीत.

दरवर्षी वर्तमानपत्रांत 'जगातल्या अव्वल २ टक्के शास्त्रज्ञांत आपल्या प्राध्यापकांचा समावेश' अशी बातमी येते. ती यादी स्टॅनफर्डचे जॉन आयोनिडिस यांच्या गटाची, स्कोपसच्या विदेवर बनवलेली. यादी मोफत उतरवता येते. बातमीवर न थांबता ती उघडा. कारकिर्दीची यादी वेगळी आणि एका वर्षाची वेगळी असते. स्वतःचीच सायटेशन्स वगळल्यावर क्रम किती घसरतो तेही तिथेच दिसतं. उपशाखेचा रकानाही पाहा, कारण यादीतली जागा तिथे ठरते.

सावध करणाऱ्या खुणा

स्वतःचे पेपर उद्धृत करणं हा गुन्हा नाही. वीस वर्षं एकाच प्रथिनावर काम करणारा स्वतःच्या आधीच्या कामाकडे बोट दाखवणारच. स्कोपसवर स्वतःची आणि सहलेखकांची सायटेशन्स वगळून आलेख पाहता येतो. आकडा थोडा उतरला तर ठीक, निम्मा झाला तर सायटेशन्स कुठल्या नियतकालिकांतून येतात ते पाहा. एकाच लहानशा वर्तुळातून येत असतील तर तसं लिहून ठेवा.

मागे घेतलेले पेपर रिट्रॅक्शन वॉचच्या साठ्यात सापडतात. २०२३ पासून तो क्रॉसरेफ या लेखांची नोंदणी करणाऱ्या संस्थेकडे असून सगळ्यांना खुला आहे. पेपर मागे घेण्याचं कारण मात्र वाचा. प्रामाणिक चूक स्वतःहून कळवणं आणि चित्रांत फेरफार करणं यांना एकच शिक्षा देऊ नये.

पैसे घेऊन काहीही छापणाऱ्या नियतकालिकांचा त्रास आपल्याकडे खोलवर आहे. पुण्यातल्या सावित्रीबाई फुले विद्यापीठाच्या भूषण पटवर्धन आणि सहकाऱ्यांनी २०१८ साली 'करंट सायन्स'मध्ये याचा हिशेब मांडला होता. तेव्हाच्या यूजीसी-मान्य यादीत विद्यापीठांनी सुचवलेल्यांपैकी १,००९ नियतकालिकं त्यांनी तपासली, ८८ टक्क्यांहून अधिक निकृष्ट ठरण्याजोगी निघाली. त्यानंतर यूजीसी-केअर यादी आली आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये तीही बंद झाली. आता जबाबदारी संस्थेवर आणि वाचणाऱ्यावर आहे. मात्र २०१५ च्या सुमारास गुणांच्या सक्तीपायी अशा ठिकाणी एखादा पेपर छापलेल्या चांगल्या माणसाला त्यावरून बाद करू नका. सवय आहे की अपवाद, ते यादीच सांगते.

गोठ्यापर्यंत पोहोचलं का?

बुळकांडी हे गुरांच्या एका जीवघेण्या रोगाचं नाव आज पंचविशीतल्या पशुवैद्यकाने फक्त पुस्तकात वाचलेलं असतं. ही कृपा ज्या लशीची, ती वॉल्टर प्लोराइट यांनी केनियातल्या मुगुगा इथे पेशीसंवर्धनात विषाणू सौम्य करून तयार केली. १९९९ साली त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला आणि २०११ साली बुळकांडी जगातून नष्ट झाल्याचं जाहीर झालं. देवीनंतर मुळासकट गेलेला हा दुसराच रोग. माझी आजी बुळकांडीत दावण रिकामी झाल्याची गोष्ट सांगताना आजही आवाज उतरवते. त्या लशीचं मोल सायटेशनच्या कुठल्याच रकान्यात मावत नाही.

म्हणून वहीचं शेवटचं पान याला द्या. चाचणीचं किट झालं का? पेटंट आहे का आणि ते कुणी वापरलं का? पशुसंवर्धन विभागाच्या मार्गदर्शक सूचनेत काम उतरलं का? किती पीएचडी झाले आणि ते आज कुठे आहेत? सुप्त दगडी ओळखायला गोठ्यात अजून प्रामुख्याने दुधात द्रावण मिसळून चिकटपणा पाहण्याचीच चाचणी चालते. प्रोटिऑमिक्सने सुचवलेली खूण-प्रथिनं तिथवर फार थोडी पोहोचली आहेत, आणि जो गट त्या दिशेने नेटाने काम करतो त्याला मी जास्त गुण देते.

नोंद कशी लिहायची

सगळं झाल्यावर एक परिच्छेद लिहा. नमुना असा:

"पहिला पेपर २००९. स्कोपसवर ५२ पेपर, एच-इंडेक्स १८, स्वतःची सायटेशन्स वगळून १६ (पाहिल्याची तारीख). वरच्या दहांत तीन आढावे, दोन महाप्रकल्प, पाच मूळ शोध, त्यांतल्या चारांत पत्रव्यवहाराचे लेखक. वाचलेल्या पाचांपैकी तिघांची विदा खुली. दोन पेपरांत निकाल नव्या कळपावर पडताळलेला. मागे घेतलेला पेपर नाही. सहा विद्यार्थी पीएचडी, चौघे संशोधनात."

एवढ्या ओळी 'एच-इंडेक्स १८' या दोन शब्दांपेक्षा कितीतरी जास्त बोलतात. स्वतःची फाईल तयार करतानाही हाच साचा वापरा. त्याआधी एका रविवारी बसून ऑर्किड पूर्ण भरा, स्कॉलरवर आपोआप जोडणं बंद करून 'आधी मला विचारा' हा पर्याय निवडा, स्कोपसवर तुमची दोन लेखक-पानं झाली असतील तर ती एकत्र करण्याची विनंती पाठवा. आणि यापुढे प्रत्येक पेपरवर नाव एकाच पद्धतीने लिहा, लग्न झालं तरी.

गाईड निवडणाऱ्यांसाठी अजून एक काम उरतं. कृषिकोश किंवा शोधगंगा या प्रबंधांच्या ऑनलाइन साठ्यांत त्या गाईडच्या विद्यार्थ्यांचे प्रबंध शोधा. प्रबंध कोणत्या वर्षी सादर झाला आणि त्यावरचा पेपर कधी आला, पहिलं नाव विद्यार्थ्याचं की आणखी कुणाचं, हे ताडून पाहा. मग त्यांतल्या एकाला फोन लावा. सर कसे आहेत असं विचारू नका, त्याला उत्तर 'चांगले आहेत' हेच मिळतं. विचारा, नमुने गोळा झाल्यापासून मास स्पेकवर नंबर लागायला किती महिने गेले, यंत्राचे पैसे कुठून आले, आणि निकाल अपेक्षेपेक्षा वेगळा आला तेव्हा सर काय म्हणाले.